लॅपटॉप सारखा बंद पडतोय? आधी रिचर्ड हॅमिंग यांची गोष्ट वाचा

काम ऐन रंगात आलंय, तेवढ्यात निळी स्क्रीन येते आणि लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट होतो. आठवड्यातून एकदा झालं तर आपण सोडून देतो. पण रोज व्हायला लागलं की दुकान गाठतो. तिथे बहुतेक वेळा विंडोज नवीन टाकून मिळतं. चार दिवस बरं चालतं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

यात पैसे जातात ते जातात, पण खरा धोका वेगळाच आहे. बिघाड विंडोजमध्ये नसून रॅमसारख्या एखाद्या पार्टमध्ये असेल, तर त्या चार बऱ्या दिवसांतसुद्धा तो पार्ट तुमच्या फाइल गुपचूप खराब करत असू शकतो. फोटो उघडत नाही, प्रोजेक्टची फाइल करप्ट होते, आणि तुम्हाला वाटतं आपल्याच हातून काहीतरी झालं.

म्हणून आज मी एका गणितज्ञाची गोष्ट सांगणार आहे. त्यांचं नाव रिचर्ड हॅमिंग. बंद पडणाऱ्या मशीनवर वैतागून त्यांनी जे शोधून काढलं, ते आज जगभरातल्या सर्व्हरच्या मेमरीत चालू आहे. आणि त्यांची विचार करायची पद्धत तुम्ही घरबसल्या आपल्या लॅपटॉपवर वापरू शकता. कशी, ते पुढे बघू.

शिकागोचा मुलगा

हॅमिंग यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९१५ रोजी अमेरिकेतल्या शिकागो शहरात झाला. त्यांना इंजिनीअर व्हायचं होतं. पण शिष्यवृत्ती मिळाली ती शिकागो विद्यापीठाची, आणि तिथे इंजिनीअरिंग शिकवतच नव्हते. मग त्यांनी गणित घेतलं. १९३७ मध्ये पदवी, १९३९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातून एम.ए. आणि १९४२ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून पीएच.डी. त्याच वर्षी वांडा लिटल यांच्याशी त्यांचं लग्न झालं.

इंजिनीअर व्हायचं राहून गेलं, पण गणित कागदावर न ठेवता मशीनवर चालवून बघायची हौस त्यांना आयुष्यभर राहिली. आणि मशीन म्हटलं की बिघाड आलाच.

लॉस अलामॉस: एका हिशेबाची तपासणी

१९४५ च्या एप्रिलमध्ये हॅमिंग न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसला रुजू झाले. अणुबॉम्ब बनवण्याचा गुप्त प्रकल्प तिथे चालू होता. भौतिकशास्त्रज्ञ समीकरणं मांडत आणि हॅमिंग ती आयबीएमच्या पंच कार्डवर चालणाऱ्या हिशेबयंत्रांकडून सोडवून घेत. वांडासुद्धा तिथे आकडेमोडीचंच काम करत होत्या.

पहिल्या चाचणीच्या थोडं आधी एक सहकारी त्यांच्याकडे काही हिशेब तपासायला घेऊन आला. हिशेब कसला, असं विचारल्यावर कळलं की बॉम्ब फुटल्यावर पृथ्वीवरचं सगळं वातावरणच पेट घेईल का, याची ती शक्यता होती! हॅमिंग यांनी तो हिशेब दुसऱ्या कुणाकडे सोपवला नाही, स्वतः बसून तपासला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की बेरीज-गुणाकार बरोबर दिसतायत, पण ऑक्सिजन आणि नायट्रोजनबद्दलची जी सूत्रं यात वापरली आहेत, ती बरोबर आहेत की नाही हे मी सांगू शकत नाही.

हे उत्तर नीट लक्षात ठेवा. तपासणी फक्त जे तपासलं त्याबद्दलच बोलते. रॅमची टेस्ट पास झाली म्हणजे लॅपटॉप ठणठणीत आहे असं नाही. त्या वेळेपुरती रॅममध्ये चूक सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शनिवार-रविवारचं मशीन

१९४६ मध्ये हॅमिंग बेल लॅब्जमध्ये आले. काही काळ तर ते आणि क्लॉड शॅनन एकाच खोलीत बसायचे. हेच ते शॅनन, ज्यांनी १९४८ मध्ये माहितीचं गणित मांडलं.

बेल लॅब्जमध्ये तेव्हा मॉडेल ५ नावाचा संगणक होता. त्यात चिप नव्हती, रिले होते. रिले म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. वीज आली की आतला लोहचुंबक पट्टी ओढतो आणि टक्क असा आवाज होऊन जोडणी होते. असे सुमारे नऊ हजार रिले या एका मशीनमध्ये होते. दोन पट्ट्यांमध्ये धुळीचा कण अडकला तरी जोडणी होत नसे. दिवसाला दोन-तीन वेळा तरी कुठला ना कुठला रिले दगा द्यायचा.

पण हे मशीन प्रामाणिक होतं. प्रत्येक अंकासाठी ठरावीकच रिले चालू असले पाहिजेत, असा त्यात नियम होता. एक कमी-जास्त झाला की मशीनला कळायचं की काहीतरी चुकलंय, आणि ते चुकीचं उत्तर देण्याऐवजी थांबायचं. कामाच्या दिवशी तिथली माणसं येऊन बिघाड शोधत आणि हिशेब पुढे नेत. सुट्टीच्या दिवशी कोणीच नसे. मग मशीन तो हिशेब अर्धवट टाकून रांगेतला पुढचा हिशेब हातात घ्यायचं.

हॅमिंग यांच्या वाट्याला मशीन यायचं ते नेमकं शनिवार-रविवारी. शुक्रवारी काम लावून जायचं आणि सोमवारी उत्तर घ्यायचं. १९४७ च्या सुमारास लागोपाठ दोन सोमवारी ते आले, तर त्यांचा हिशेब मशीनने टाकून दिलेला! उत्तराची वाट बघणारी माणसं होती आणि हातात काहीच नव्हतं.

तुमचा लॅपटॉप रात्रभर व्हिडिओ रेंडर करायला लावला आणि सकाळी उठून बघितलं तर लॉगिन स्क्रीन समोर. अगदी तसंच! फरक एवढाच की हॅमिंग नुसते वैतागून थांबले नाहीत. त्यांनी साधा प्रश्न विचारला. चूक झाली आहे हे मशीनला कळतं, तर चूक कुठे झाली आहे हे का कळू नये? आणि कुठे ते कळलं, तर मशीनने ती स्वतःच का दुरुस्त करू नये? संगणकात फक्त ० आणि १ असतात. जागा कळली की दुरुस्ती एका क्षणाची. ० असेल तर १ करा, १ असेल तर ० करा.

सात बिटची युक्ती

आता थोडं गणित, पण घाबरू नका, फक्त बेरीज आहे.

समजा आपल्याला १०११ हे चार बिट सांभाळायचे आहेत. हॅमिंग म्हणाले, सात खुर्च्या मांडा. १, २ आणि ४ नंबरच्या खुर्च्या राखणदारांसाठी ठेवा. उरलेल्या ३, ५, ६, ७ वर आपले चार बिट ओळीने बसवा. म्हणजे ३ वर १, ५ वर ०, ६ वर १ आणि ७ वर १.

आता प्रत्येक राखणदाराला एक गट द्या.

- राखणदार १ कडे खुर्च्या १, ३, ५, ७
- राखणदार २ कडे खुर्च्या २, ३, ६, ७
- राखणदार ४ कडे खुर्च्या ४, ५, ६, ७

नियम एकच. प्रत्येक गटातल्या १ ची संख्या सम असली पाहिजे. पहिल्या गटात दोन १ आहेत, म्हणून राखणदार १ स्वतः ० होतो. दुसऱ्या गटात तीन १ आहेत, म्हणून राखणदार २ स्वतः १ होतो. तिसऱ्या गटात दोन १ आहेत, म्हणून राखणदार ४ पण ०. झाली ओळ तयार: ०११००११.

आता समजा रॅममधल्या गडबडीमुळे ६ नंबरचा बिट उलटा झाला. राखणदार १ म्हणतो, माझ्याकडे सगळं ठीक. राखणदार २ ओरडतो, कारण ६ नंबर त्याच्या गटात आहे. राखणदार ४ पण ओरडतो. ओरडणाऱ्यांची बेरीज करा: २ अधिक ४ बरोबर ६. चुकीची खुर्ची सापडली!

एकाही राखणदाराला एकट्याने उत्तर माहीत नव्हतं. कोण ओरडलं आणि कोण गप्प राहिलं, हे एकत्र बघितल्यावरच उत्तर मिळालं. गप्प राहिलेल्याची साक्षसुद्धा तितकीच कामाची ठरली.

शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ही युक्ती हॅमिंग यांच्या नावाने उदाहरण म्हणून दिली. हॅमिंग यांचा स्वतःचा सविस्तर लेख मात्र पेटंटच्या कामामुळे रखडला आणि १९५० च्या एप्रिलमध्ये बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये छापून आला.

दोन चुका एकदम झाल्या तर?

इथे एक गोची आहे. समजा ३ आणि ६ हे दोन्ही बिट एकाच वेळी उलटे झाले. राखणदार १ ओरडतो, राखणदार ४ ओरडतो, राखणदार २ मात्र गप्प, कारण त्याच्या गटात दोन्ही चुका आल्या आणि संख्या पुन्हा सम झाली. बेरीज येते ५. म्हणजे निर्दोष असलेल्या ५ नंबरवरच बोट!

यावर उपाय म्हणून आणखी एक बिट जोडतात, जो सगळ्या ओळीवर नजर ठेवतो. मग एक चूक असेल तर दुरुस्त होते आणि दोन असतील तर निदान तसा इशारा मिळतो. सर्व्हरमधली ईसीसी रॅम याच तत्त्वावर चालते. साधारणपणे ६४ बिटमागे ८ बिट राखणदारीला असतात.

याची गरज किती आहे? २००९ मध्ये गूगल आणि टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी गूगलच्या सर्व्हरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात साधारण एक तृतीयांश मशीनमध्ये मेमरीची किमान एक तरी दुरुस्त करता येण्याजोगी चूक आढळली होती. ईसीसी होती म्हणून कुणाला पत्ताही लागला नाही.

आपल्या साध्या लॅपटॉपमध्ये ही सोय बहुधा नसते. नवीन डीडीआर५ रॅमच्या चिपमध्ये आतल्या आत दुरुस्तीची थोडी सोय आहे, पण चिप ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही. म्हणजे राखणदाराचं काम आपल्यालाच करावं लागतं.

हॅमिंग यांच्या पद्धतीने लॅपटॉप तपासा

सर्वात आधी बॅकअप. कुठलीही टेस्ट करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर टाका. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की फोनमध्ये किंवा कागदावर लिहून ठेवा.

आता संशयित कोण कोण, ते मांडू: विंडोज किंवा ड्रायव्हर, हार्ड डिस्क किंवा एसएसडी, रॅम, उष्णता, आणि वीजपुरवठा. आपले राखणदार असे:

पहिला राखणदार, पेन ड्राइव्हवरचं लिनक्स. उबंटू किंवा लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल न करता नुसतं चालवून बघा. या वेळी विंडोज आणि तुमची डिस्क दोन्ही बाजूला असतात. नेहमी जितक्या वेळात क्रॅश होतो, त्याच्या दुप्पट वेळ तरी काम करा. तरीही क्रॅश झाला तर विंडोज आणि डिस्कवरचा संशय बराच कमी होतो.

दुसरा राखणदार, मेमटेस्ट८६. हेही पेन ड्राइव्हवरून चालतं. रात्री लावून झोपा, चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक आहे, पण ते थोडक्यात आटोपतं. इथे एक जरी एरर आली तरी ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

तिसरा राखणदार, डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट ॲप डिस्कची स्मार्ट माहिती दाखवतं. गुडऐवजी कॉशन किंवा बॅड दिसलं, तर डिस्क बदलायची तयारी करा.

चौथा राखणदार, वेळेची नोंद. क्रॅश केव्हा होतो? गेम खेळताना, रेंडर करताना, की नुसतं ब्राउझर उघडा असताना? फक्त जोर पडल्यावरच बंद पडत असेल तर उष्णता किंवा वीज. पंख्यातली धूळ साफ करा, मग लॅपटॉप एकदा फक्त बॅटरीवर आणि एकदा चार्जरवर चालवून बघा. डेस्कटॉप असेल तर ओळखीच्या कुणाचा एसएमपीएस लावून बघता येतो.

पाचवा राखणदार, विंडोजचं रोजनामचं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर नावाच्या नोंदी असतील, तर हार्डवेअरने स्वतःच तक्रार केली आहे असं समजा. कर्नल-पॉवर ४१ मात्र बघून घाबरू नका. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच ती नोंद सांगते, कारण सांगत नाही.

आता सगळ्यांची साक्ष एकत्र वाचा:

- लिनक्सवर ठीक, डिस्क गुड, रॅम ठीक: संशय विंडोज किंवा ड्रायव्हरवर. इथे विंडोज नवीन टाकण्यात अर्थ आहे.
- लिनक्सवर ठीक, डिस्क कॉशन: आधी फाइल वाचवा, मग डिस्क बदला.
- लिनक्सवरही क्रॅश, मेमटेस्टमध्ये एरर: रॅम किंवा तिचा स्लॉट.
- लिनक्सवरही क्रॅश, रॅम ठीक, जोर पडल्यावरच बंद: उष्णता किंवा वीजपुरवठा.
- सगळं तपासून झालं, तरीही बंद पडतोय: मदरबोर्डचा संशय. आता दुरुस्तीवाल्याकडे जा, पण या नोंदी घेऊन जा.

माझ्या एका मित्राच्या डेस्कटॉपवर एका दुकानात तीनदा विंडोज टाकून झालं होतं. आम्ही मेमटेस्ट लावला, तासाभरात लाल ओळी दिसल्या. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एकेक लावून बघितली, एकीवर एरर आली, दुसरीवर नाही. मग एरर आलेली पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली. एरर तिच्यासोबत तिकडे गेली. म्हणजे स्लॉट निर्दोष, पट्टी खराब. रॅमवर बऱ्याचदा अनेक वर्षांची वॉरंटी असते. बिल सापडलं आणि पट्टी बदलून मिळाली.

आणि दोन चुकांची गोची विसरू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम काढली, ड्रायव्हर अपडेट केला आणि पंखाही साफ केला, असं सगळं एकदम केलंत आणि क्रॅश थांबला, तर नक्की कशाने थांबला ते कधीच कळणार नाही.

फोनचं काय?

फोनमध्ये रॅम काढून बघता येत नाही, पण पद्धत तीच. ॲन्ड्रॉइडचा सेफ मोड हा आपला पहिला राखणदार. त्यात तुम्ही टाकलेली ॲप चालत नाहीत. सेफ मोडमध्ये फोन ठीक चालला तर एखाद्या ॲपवर संशय. तिथेही रीस्टार्ट होत असेल, तर बॅटरी, उष्णता किंवा बोर्ड. चार्ज बराच शिल्लक असताना फोन पटकन बंद पडतो आणि चार्जर लावल्यावर ठीक चालतो, तर बॅटरी म्हातारी झाली असण्याची शक्यता मोठी. फोनची पाठ फुगलेली दिसली तर मात्र टेस्ट वगैरे काही नको. चार्जिंग बंद करा आणि सर्व्हिस सेंटर गाठा.

पुढचं आयुष्य

हॅमिंग बेल लॅब्जमध्ये तीस वर्षं राहिले. १९५८ ते १९६० ते एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेचे अध्यक्ष होते, आणि १९६८ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. संगणकाने नुसते आकडे ओकू नयेत, त्यातून माणसाला काहीतरी उमगलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. शुक्रवारी दुपारनंतर ते रोजची कामं बाजूला ठेवून मोठ्या प्रश्नांचाच विचार करायचे.

१९७६ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे नौदलाच्या पदव्युत्तर शाळेत शिकवायला गेले आणि तिथे दोन दशकांहून जास्त काळ शिकवत राहिले. १९९७ च्या डिसेंबरपर्यंत वर्गावर होते. ७ जानेवारी १९९८ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं.

नऊ हजार रिलेंचं ते मशीन केव्हाच मोडीत निघालं. पण आज तुम्ही यूपीआयने पैसे पाठवता किंवा परीक्षेचा निकाल बघता, तेव्हा पलीकडच्या सर्व्हरच्या मेमरीत राखणदार बिट आपापल्या गटाची बेरीज तपासत बसलेले असतात. तुमच्या लॅपटॉपला ते नाहीत. म्हणून पुढच्या वेळी तो बंद पडला, तर लगेच विंडोज टाकायला देऊ नका. आज रात्री बॅकअप घ्या, उद्या रात्री मेमटेस्ट लावा, आणि कोण ओरडतंय, कोण गप्प आहे, ते कागदावर लिहून काढा.